बिडाच्या कड्यावरची पुटकुळी

पप्पा,

घरी मी तुम्हाला 'तू' म्हणायचे आणि गाळ्यात कामगारांसमोर 'तुम्ही'. हे काम गाळ्याचं आहे, म्हणून 'तुम्ही'च लिहिते. आधी वाटलं आपल्या गास गावच्या बोलीत लिहावं, दोन ओळी लिहिल्याही. पण ती बोली कागदावर उतरवायला घेतली की मला हसू फुटतं, आणि आज मला हसायचं नाहीये. तेव्हा शाळेतली मराठी. चुका काढत बसू नका.

एकच विचारायचंय. कड्याच्या आतल्या बाजूची ती पुटकुळी कशासाठी आहे? तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी मेलेल्या माणसाला त्रास द्यायचा का. पण जिवंत माणसं सगळी विचारून झाली. थांबा, नीट सांगते. हल्ली मला सगळं पहिल्यापासून सांगायची खोड लागलीय, तुम्हाला माहीत असलेलंसुद्धा. त्याला कारण एक फॉर्म आहे, त्यावर येतेच. आपलं मशीन म्हणजे पावाच्या पिठाचे गोळे पाडायचं. थाळीत पिठाचा मोठा गोळा ठेवायचा, त्याच्याभोवती बिडाचं गोल कडं बसतं, दांडा ओढला की पीठ दाबून सपाट होतं, दुसऱ्यांदा ओढला की पाती खाली येतात आणि छत्तीस सारखे तुकडे पडतात. बेकरीतल्या माणसाला तराजू घेऊन बसावं लागत नाही. तर त्या कड्याच्या आत, खालच्या अंगाला, हरभऱ्याच्या डाळीएवढा एक उंचवटा आहे. बोट फिरवलं तरच कळतो. कामगार त्याला 'शेठची पुटकुळी' म्हणायचे, तुमच्या पाठीमागे. तुम्ही गेल्यावर माझ्यासमोर उघड म्हणायला लागले. आपल्या प्रत्येक मशीनमध्ये ती आहे. आपलं बघून आपल्या इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या ज्या पाच-सहा जणांनी हेच मशीन काढलं, त्यांच्याही मशीनमध्ये आहे. एक जण सोडून.

ती आली कुठून हे मला माहीत आहे असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. भायखळ्याच्या बेकरीत एक परदेशी मशीन होतं, त्याचा दांडा तुटला म्हणून तुम्हाला बोलावलं. तुमची कंपनी नुकतीच बंद पडली होती, हातात कानस आणि डोक्यात काळजी, दुसरं काही नव्हतं. दांडा तुम्ही दुरुस्त केला आणि मालकाला म्हणालात, मजुरी नको, दोन रविवार मला हे मशीन उघडून बघू द्या. तो चांगला माणूस, हो म्हणाला. पहिल्या रविवारी तुम्ही चर्चमधली मिस्सा चुकवून गेलात आणि आई दिवसभर भांडी आपटत राहिली. मापं कॅलिपरने घेतलीत, पण कड्याची आतली गोलाई कॅलिपरला सापडेना. मग तुम्ही तिथलंच पीठ घेतलंत, कड्याच्या आत दाबलंत, त्यावर उमटलेला ठसा अलगद काढून बिस्किटाच्या डब्यात ओल्या फडक्यात ठेवलात आणि घरी आणलात. घरी डबा उघडला तर झाकणाला पोचलेला पाव. बेकरीचं पीठ ते, खमीर घातलेलं, वाटेत फुगून बसलं. तुम्ही कपाळाला हात लावलात आणि आई, सकाळपासून न बोललेली आई, पदर तोंडाला लावून हसायला लागली. पुढच्या रविवारी तिनेच मैदा मळून दिला, बिनखमिराचा, घट्ट. त्याही रविवारी मिस्सा चुकली. पण तो ठसा नीट आला, आणि त्यावरून सुताराने लाकडाचं पॅटर्न केलं, ओतकामाचा साचा ज्यावरून पाडतात ते, आणि तेच आजही आपण फाउंड्रीत पाठवतो.

कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, बसलात तेव्हा तुम्ही फादरांना विचारलं होतंत म्हणे, दुसऱ्याच्या मशीनची नक्कल करणं चोरीत धरायचं का. फादर काय म्हणाले ते तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाही, कुमसारातलं सांगायचं नसतं म्हणून. मग तुम्ही काय विचारलंत तेही सांगायचं नव्हतं. मला मात्र तेव्हापासून एक गोष्ट तुमच्यात दिसायची. ज्याची नक्कल केली त्याला तुम्ही घाबरून असायचात. ते मशीन बनवणारा कोण, कुठला, तुम्ही कधी पाहिला नव्हता, तरी त्याने काहीही उगाच केलं नसणार अशी तुमची खात्री होती. एका पट्टीला चार स्क्रू होते, तीनात भागलं असतं, तुम्ही चारच ठेवलेत. बुडाशी एक भोक होतं, त्यात काहीच बसत नव्हतं. तुम्ही तेही पाडलंत. आणि ती पुटकुळी.

ती सांभाळायला काय कष्ट पडायचे ते या फॉर्मवाल्या सल्लागार पोरीला मी तासभर समजावलं तरी कळलं नाही. साधं आहे. पुटकुळी नसती तर कडं लेथवर लावून आतून पाव तासात गुळगुळीत करता आलं असतं. पण लेथवर कडं गोल फिरतं, हत्यार वाटेत येईल ते कापतं, पुटकुळी पण. म्हणून आपल्याकडे प्रत्येक कडं हाताने घासायचं, पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून, पुटकुळीला वळसा घालत. एका कड्याला अख्खी दुपार. कामगारांच्या बोटांची सालपटं निघायची. आणि हे काम सगळ्यात चांगलं कोण करायचा, तर राजोडीचा आपला फिटर. कोळ्याचा माणूस, जाळं विणलेली बोटं, तुम्ही म्हणायचात याच्या बोटाला डोळे आहेत. त्याच फिटरने एक दिवस तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा तीन कडी लेथवर चढवली आणि तिन्ही चकाचक करून तुमच्या टेबलावर मांडून ठेवली. त्याला वाटलं शाबासकी मिळेल.

मी त्या दिवशी गाळ्यात होते, कॉलेजातून येऊन बिलं लिहायला बसलेले. तुम्ही येता, पहिल्या कड्याच्या आत बोट फिरवता, दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या. तुमचं तोंड पांढरं पडतं. कोणी सांगितलं, एवढंच विचारता. तो म्हणतो, "शेठ, तिचं काम काय ते सांगा, मी परत बसवून देतो." तुम्ही म्हणता, "ज्यानं केलं त्याला ठावं. तुला ठावं नाय तवर हात लावू नको." आणि तो, माज म्हणून नाही, खरंच कळून घ्यायचं म्हणून, सगळ्यांसमोर विचारतो, "आनि तुमाला ठावं हाय?"

तुम्ही त्याला डबा उचलून जायला सांगितलंत. त्याची बायको तेव्हा पोटुशी होती, हे तुम्हाला माहीत होतं. मलाही माहीत होतं आणि मी बिलावरून मान वर केली नाही. नंतर कित्येक महिने त्याच्या जागेवर तुम्ही कुणाला उभं केलं नाहीत, आई म्हणाली बोलाव त्याला परत, तर ताटावरून उठलात. मला तुमचा इतका राग कधीच आला नव्हता. आजही आठवलं की येतो, आणि तुम्ही नाही म्हणून तो कुणावर काढता येत नाही. त्याने वर्षभर राजोडीला भावाच्या होडीवर काढलं, मग इकडे तिकडे नोकऱ्या, आणि शेवटी आपल्याच इस्टेटीत, चार गल्ल्या सोडून, स्वतःचा गाळा. मशीन आपलंच. फक्त बिनपुटकुळीचं. लेथवर कडं काढतो, म्हणून आपल्यापेक्षा स्वस्त देतो. इतकी वर्षं आम्ही समोरासमोर आलो की 'काय बाय, बरी ना?' 'बरी' एवढंच.

आता फॉर्मचं. सरकारने छोट्या बेकऱ्यांसाठी योजना काढलीय, मशीन घ्यायला मदत मिळणार. चांगली योजना आहे, खोटं कशाला बोलू. पण मशीन मानकाप्रमाणे पाहिजे, आणि देशी गोळे-मशीनला मानकच नाही. मग आमच्या इस्टेटीच्या संघटनेने ठरवलं की आपणच तयार करून मंजूर करून घ्यायचं. एक सल्लागार कंपनी आली. त्यांनी आम्हाला पडद्यावर दाखवलं की अमुक देश आपल्यासारखाच मागे होता, त्याने नियम सुधारले, संस्था सुधारल्या, आणि आधी नक्कल करणारे तिथले कारखाने आता स्वतःची मशिनं जगाला विकतात. माणसं टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या. मनात म्हटलं, पप्पा हे बघायला पाहिजे होते, नक्कल म्हणजे पहिली पायरी असं कुणीतरी कोट घालून सांगतंय. मग फॉर्म वाटले. तो फॉर्म त्याच देशातला, जसाच्या तसा मराठीत आणलेला. त्यात एक रकाना आहे, मशीन बर्फात उघड्यावर राहिल्यास घ्यायची काळजी. आमच्या इस्टेटीत पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं, मोटारी विटांवर चढवून ठेवाव्या लागतात, त्याला रकाना नाही. मी म्हटलं बर्फाचं काढा आणि पाण्याचं घाला. ती सल्लागार पोरगी, गोड आहे तशी, माझ्या भाचीच्या वयाची, म्हणाली, "मॅम, एक लाइन पण टच करू नका प्लीज. वरून असाच आलाय, त्याचं काही तरी रीझन असेल." तुमचंच वाक्य, पप्पा, फक्त इंग्रजी मिसळलेलं. तिला तुम्ही कामावर ठेवलं असतंत.

आपला गाळा सगळ्यात जुना म्हणून मानकासाठी आपलंच ड्रॉइंग घ्यायचं ठरलं. मला अभिमान वाटला, उगाच नम्रपणा दाखवत नाही. घरी येऊन तुमच्या फोटोला सांगितलंही. आणि मग तो तक्ता आला: मशीनचा प्रत्येक भाग, त्यावरची प्रत्येक गोष्ट, आणि तिचं कार्य. स्क्रूचं लिहिलं. भोकाचं लिहिलं, धुतल्यावर पाणी निथळायला, ते खरंच त्यासाठी होतं हे आपल्याला नंतर कळलं होतं, आठवतं? तुम्ही दिवसभर खूश होतात. पुटकुळीपाशी आले आणि पेन थांबलं. सल्लागार पोरीला फोन केला. ती म्हणाली, "फंक्शन नसेल तर फीचर काढून टाका ना, सिंपल आहे." सिंपल. काढून टाकलं तर मानक बिनपुटकुळीचं होणार, म्हणजे राजोडीचा फिटर बरोबर होता आणि तुम्ही एका पोटुश्या बाईच्या नवऱ्याला उगाच घालवलंत, हे सरकारी शिक्क्याने कायम. ठेवलं तर त्याचं मशीन मानकाबाहेर. योजनेतली एकही बेकरी त्याच्याकडे जाणार नाही, लेथ बाजूला ठेवून त्यालाही पॉलिश पेपर बोटाला गुंडाळावा लागणार. म्हणजे त्याच पुटकुळीपायी दुसऱ्यांदा. माझं डोकं चालेना.

म्हणून शोधायला निघाले. भायखळ्याची बेकरी आता नाही, तिथे मोबाइलचं दुकान आहे. मालकाचा नातू भेटला, म्हणाला ते मशीन भंगारात गेलं. ज्या परदेशी कंपनीचं ते मशीन होतं तिला ईमेल पाठवलं, भाचीकडून इंग्रजी तपासून घेऊन. फार सभ्य उत्तर आलं, की इतक्या जुन्या मॉडेलची कागदपत्रं आता त्यांच्याकडे नाहीत. इंटरनेटवर त्याच मशीनचे दोन फोटो सापडले. एकात कड्याच्या आतली बाजू दिसतच नाही. दुसऱ्यात दिसते, पण नेमक्या त्या जागी पिठाचं ढेकूळ. मग गाळ्यातच दोन कडी घेतली, एक पुटकुळीचं, एक बिनपुटकुळीचं, दोन्ही हाताने घासलेली, आणि आगाशीच्या बेकरीवाल्याला पंधरा-पंधरा दिवस वापरायला दिली. तो म्हणाला दोन्ही सारखीच. आठवड्याने त्याचाच फोन, की नाही, तुमचं जुनं जरा बरं वाटतं. का, तर सांगता येत नाही म्हणे. असं कसं काम करायचं सांगा.

आणि मग एक भलतीच गोष्ट आठवली. मासे धुवायला घेतले होते, काही संबंध नाही, आणि ते डोळ्यांसमोर आलं. दुसऱ्या रविवारची दुपार, मी चौथीत. तुम्ही ठसा घेऊन आलात, डबा स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलात आणि पाय धुवायला विहिरीवर गेलात. आई म्हणाली झाकण उघडून ठेव, गरमीने परत काही व्हायला नको. मी झाकण उघडते. आत मैद्याची चंद्रकोरीसारखी वडी, एका बाजूने गुळगुळीत, जिथे कड्याला टेकली होती ती बाजू. मला ती हात लावून बघायची आहे. मी करंगळी टेकवते. ती आत जाते. जरा खोल जाते. आई वळते, मी हात मागे घेते, झालं. आता तुम्हीच सांगा, पिठात खड्डा पडला की त्यावरून केलेल्या लाकडात काय येणार? उंचवटा. आणि लाकडातला उंचवटा बिडात उतरणार. मी भिंतीला टेकून उभी राहिले, हाताला माशांचे खवले. म्हटलं, पप्पा, तो कुठल्या परदेशी इंजिनिअरचा विचार नव्हता, तो माझा बोटाचा चाळा होता, आणि त्याच्यापायी एका माणसाची नोकरी गेली. पण मग नीट आठवायला गेले तर पक्कं होईना. मी बोट टेकवलं ते नक्की. खड्डा तिथेच होता की दुसऱ्या टोकाला? तुम्ही परत येऊन ओल्या बोटाने तो सारखा केला होतात का? तुम्ही कधी ओरडला नाहीत, म्हणजे तुम्हाला दिसला नाही, की दिसला आणि तुम्ही समजलात तो मशीनमधलाच? आईला विचारायला आई नाही. सुतारही गेला. मला माझ्याच आठवणीवर भरवसा राहिलेला नाही, कारण मला आता ती गोष्ट इतकी बरोबर बसताना दिसते की मीच ती बसवली असेन अशी शंका येते.

संघटनेच्या सभेत हा मुद्दा आला. राजोडीचा फिटर आला होता, केस पांढरे, चष्मा लावून. तो उभा राहिला आणि शांतपणे बोलला, की त्या पुटकुलीला कायपन काम नाय, मी इतकी वर्सं बिनपुटकुलीचं देतो, एक पन मशीन परत नाय आलं. माझ्याकडे बघूनही बोलला नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणायला हवं होतं, बरोबर आहे त्यांचं, काढून टाका. तोंडापर्यंत आलं होतं. पण डोळ्यांसमोर तुम्ही उभे राहिलात, पांढऱ्या तोंडाने, तीन कड्यांसमोर, आणि मला वाटलं भरल्या सभेत तुम्हाला खोटं पाडणारी मी कोण. मग वाटलं, खोटं कुठे, तुम्ही तर कधी म्हणालाच नव्हतात की तुम्हाला माहीत आहे. तुम्ही म्हणाला होतात ज्यानं केलं त्याला माहीत. मग ज्याने केलं तो कोण, मीच का? या घोळात मी समोरच्या तक्त्याची घडी घालत बसले. अध्यक्ष वैतागले, म्हणाले बाई, काहीतरी लिहा, एका रकान्यापायी अख्खी फाइल परत येईल आणि सगळ्यांची योजना बुडेल. ते काही चूक बोलत नव्हते.

मी लिहिलं. 'दाबलेलं पीठ कड्याच्या भिंतीला सगळीकडून घट्ट चिकटू नये, त्या जागी हवेला वाट मिळून ते सहज सुटावं, यासाठी.' कुठून सुचलं माहीत नाही. वाचायला झकास वाटत होतं. सल्लागार पोरीने अंगठ्याचं चित्र पाठवलं. दोन महिन्यांत मानक मंजूर झालं, त्यात पुटकुळीची उंची मिलिमीटरच्या दशांशात आहे आणि माझं वाक्य आहे, शब्दही न बदलता. बर्फाचा रकानाही आहे. आमच्याकडे मागण्या वाढल्या. म्हणजे फायदा झाला तो माझाच, हेही लिहून ठेवते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही स्वतःला फार साळसूद समजते.

गेल्या मंगळवारी राजोडीचा फिटर आपल्या गाळ्यात आला. तुम्ही घालवल्यापासून पहिल्यांदा. मला वाटलं भांडायला आलाय, आणि खरं सांगते, मला बरंच वाटलं. म्हटलं भांडू दे, मी सगळं सांगून मोकळी होते. तो त्याच्या जुन्या जागेपाशी थांबला, टेबलावर हात ठेवला, मग माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, "बाय, मना आता कललं." मानकाप्रमाणे त्याने चार कडी काढली होती, पुटकुळीची, हाताने घासलेली, पहिल्यासारखी दुपारभर. चारही बेकऱ्यांतून सांगितलं की पीठ पूर्वीसारखं कडेला धरत नाही, टपकन सुटतं. हवेचं बरोबर हाय, म्हणाला. "शेठला ठावं होतं. मीच सगल्यांसमोर तोंड वर करून बोललो. रविवारी गासला ग्येलतो, त्यांच्या कबरीवर मेनबत्ती लावली. माफी मांगितली."

मला बोलायचं होतं की अहो, पीठ सुटतंय ते पुटकुळीमुळे नाही, हाताने घासल्यामुळे असेल. लेथच्या हत्याराचे बारीक वळसे राहतात आत, पीठ त्यात धरतं, हाताने घासलं की ते जातात. तुमच्या बोटांमुळे सुटतंय. हे मला त्याच क्षणी सुचलं, आणि ते खरं असावं असं मला अजून वाटतं. पण मग पुटकुळी नसती तर कुणी हाताने घासलं असतं का? मग तिचं काम हेच का, की लेथला लांब ठेवायचं? म्हणजे तुमचंच बरोबर का? की हवेचं मी मनाने लिहिलेलं, तेच योगायोगाने खरं निघालं? पप्पा, मला काही म्हणजे काही कळत नाही. एवढं कळतं की एक साठीचा माणूस, ज्याचं काही चुकलं नव्हतं, राजोडीहून गासला जाऊन तुमच्या कबरीपुढे हात जोडून उभा राहिला, माझ्या एका वाक्यामुळे. मी त्याला चहा दिला. म्हटलं, पप्पांना बरं वाटलं असतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी टेबलावरची बिलं सारखी करायला लागले.

हे पत्र खरं तर त्याला जायला हवं. त्याचा गाळा चार गल्ल्या सोडून आहे, चालत सात मिनिटं. जाऊन एवढंच सांगायचं आहे की तो रकाना मी मनाने भरला. बुधवारी निघाले, शुक्रवारी निघाले, दोन्ही वेळा त्याच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन आतून येणारा पॉलिश पेपरचा आवाज ऐकला आणि परत फिरले. म्हणून मग तुम्हाला लिहिलं, पप्पा. तुम्ही हे वाचणार नाही, म्हणूनच.